वाचकांचे प्रश्न : डग्गा घुमतो, जवारी हरवते

प्रश्न : निवृत्तीनंतर मी हौसेने मोठे स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि डॅक (डिजिटल संगीताचे ॲम्प्लिफायरला चालणाऱ्या विद्युत संकेतात रूपांतर करणारे यंत्र) घेतला. खोली १२ बाय १२ फुटांची असून जमिनीला फरशी आहे आणि खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली आहे. ख्याल ऐकताना डग्गा मध्येच अंगावर येतो, तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो गुंजणारा झंकार, मात्र अस्पष्ट होते. तंतुवाद्ये घडवणाऱ्या मिरजेत राहत असल्यामुळे खरा तानपुरा कानांत पक्का बसला आहे, म्हणून हे अधिकच खटकते. महागडी केबल घ्यावी, की डॅक बदलावा? शिवाय हल्ली गाणे सुरू असतानाही लक्ष यंत्राकडेच राहते.
— एक वाचक, मिरज

उत्तर : सध्या आपण काहीही विकत घेऊ नये. आपल्या वर्णनावरून दोष यंत्रणेचा नसून खोलीचा दिसतो. १२ फूट, म्हणजे सुमारे ३.६६ मीटर, अंतरावरील समोरासमोरच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आणि त्याच्या दुपटीच्या, म्हणजे ९४ हर्ट्झच्या आसपासचा नाद फुगतो; खोली चौरस असल्यामुळे लांबी आणि रुंदी या दोन्ही दिशांना हेच आकडे येतात. तबलावादक मनगट दाबत डग्ग्याचा नाद चढवत नेतो, तेव्हा तो या टप्प्यावर येताच एकाएकी मोठा होतो आणि पुढे सरकताच ओसरतो. भिंतीलगत हा फुगवटा सर्वाधिक असतो, आणि आपली खुर्ची नेमकी तिथेच आहे.

ती मागच्या भिंतीपासून ३ फूट पुढे घ्यावी. खोलीच्या एक चतुर्थांश अंतरावर ९४ हर्ट्झचा हा फुगवटा जवळजवळ नाहीसा होतो. त्याच हिशेबाने दोन्ही स्पीकर समोरच्या आणि आपापल्या बाजूच्या भिंतीपासून ३ फुटांवर ठेवावेत, म्हणजे तो फुगवटा मुळातच कमी उठेल. नंतर दोन-चार इंच मागेपुढे करून कानानेच जागा पक्की करावी. हे काम घाईचे नाही.

जवारीचे सौंदर्य वरच्या सूक्ष्म स्वरांशांत असते आणि उघड्या भिंती व फरशी यांवरून परतणारा आवाज त्यांत मिसळला की ते पुसट होतात. आपण खुर्चीत बसावे आणि दुसऱ्या कोणी बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यावा. आरशात स्पीकर दिसेल तिथे पुस्तकांचे भरलेले कपाट ठेवावे, आणि स्पीकर व खुर्ची यांच्यामध्ये जाड सतरंजी अंथरावी. पडद्यांनी खर्ज आवरत नाही, हे मात्र ध्यानात असू द्यावे. केबलविषयी एवढेच की, चार-पाच मीटरांसाठी २.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार पुरेशी आहे.

आपल्या शेवटच्या वाक्याने मला अधिक काळजी वाटली. यंत्रणा खुलून दिसावी म्हणून ठरावीक चकचकीत ध्वनिमुद्रणेच पुन्हा पुन्हा लावली जातात आणि बाकीचे संगीत मागे पडते. या छंदातला सर्वांत मोठा तोटा मला हाच वाटतो. १९३७ मध्ये निवर्तलेले किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ आपल्याला ७८ आरपीएम तबकड्यांवरच भेटतात. तिथे जेमतेम तीन मिनिटांची बाजू आणि सुईची खरखर असते, तरी तो षड्ज लागताच स्पीकर कोणते आहेत हे आठवत नाही. आपण तर त्यांच्या मिरजेतलेच. जागा एकदा ठरली की किमान महिनाभर तिला हात लावू नये, आणि रोज एक संपूर्ण राग, बैठकीत ऐकू येईल एवढ्याच आवाजात, मध्ये न थांबवता ऐकावा.