वाचकांचे प्रश्न : दिल्ली ते लेह हवाई अंतर

प्रश्न : दिल्ली ते लेह हे हवाई अंतर ६२० किलोमीटर दिलेले आढळते, मात्र मनालीमार्गे रस्ता हजार किलोमीटरच्या आसपास भरतो. ६२० हा आकडा कसा काढतात आणि विमान खरोखर तेवढेच अंतर कापते का? वयस्कर आईवडिलांना विमानाने नेण्याचा विचार आहे.

उत्तर : हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून दोन ठिकाणांना जोडणाऱ्या सर्वांत लहान रेषेची लांबी. एरवी ती काढायला त्रिकोणमिती लागते; पण लेह हे दिल्लीच्या जवळजवळ सरळ उत्तरेला असल्यामुळे आपल्याला हे गणित वहीवरही करता येईल. दिल्लीचा विमानतळ २८ अंश ३४ मिनिटे उत्तर अक्षांशावर आणि लेहचा ३४ अंश ८ मिनिटांवर आहे. फरक ५ अंश ३४ मिनिटांचा, म्हणजे ३३४ मिनिटांचा झाला. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जवळपास एक सागरी मैल, आणि सागरी मैल १,८५२ मीटरचा. त्यामुळे गुणाकार ६१९ किलोमीटरच्या घरात जातो. रेखांशांत अर्ध्या अंशाहूनही कमी फरक असल्याने त्यात जेमतेम दीड किलोमीटरची भर पडते.

विमान मात्र याहून थोडे अधिक उडते. दहा किलोमीटर उंचीवरून गेल्यामुळे वाढणारे अंतर एवढ्या प्रवासात एखाद्या किलोमीटरचेच असते. खरी वाढ होते ती ठरवून दिलेल्या हवाई मार्गांमुळे, उड्डाणानंतर आणि उतरण्यापूर्वी घ्याव्या लागणाऱ्या वळणांमुळे, आणि लेहला तर चहूबाजूंच्या डोंगरांमधून सिंधूच्या खोऱ्यात शिरावे लागत असल्यामुळे. दुपारी तेथे वारे जोर धरतात, म्हणून उड्डाणे प्रामुख्याने सकाळची असतात.

रस्त्याचे अंतर वाढते ते बारालाचा ला, तांगलांग ला यांसारख्या खिंडी गाठण्यासाठी घ्याव्या लागणाऱ्या चढउतारांमुळे. २०२० साली खुल्या झालेल्या अटल बोगद्याने मनाली-लेह मार्ग ४६ किलोमीटरने कमी केला, तरीही हा प्रवास दोन-तीन दिवसांचाच राहतो.

आपल्या आईवडिलांच्या दृष्टीने मला ६२० या आकड्यापेक्षा लेह विमानतळाची उंची अधिक महत्त्वाची वाटते. समुद्रसपाटीपासून सुमारे २२० मीटर उंचीवरच्या दिल्लीतून निघालेला प्रवासी दीड तासाच्या आत सुमारे ३,२५० मीटर उंचीवर उतरतो आणि विरळ हवेशी जुळवून घ्यायला शरीराला वेळच मिळत नाही. निघण्यापूर्वी दोघांची डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी, पोहोचल्यावर पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांतीसाठी राखून ठेवावेत, आणि डोकेदुखी किंवा धाप वाढत गेल्यास पुढे आणखी उंचावर जाण्याचा बेत रद्द करून तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.