पॉवरपॉइंटमध्ये लिंकचा रंग बदलत नाही आणि क्लिक केल्यावर जांभळा होतो, काय करू?

फॉन्ट कलरच्या नादी लागू नका. लिंकचा रंग थीममधून येतो. थीममध्ये 12 रंग असतात, त्यातले शेवटचे दोन हायपरलिंक आणि फॉलोड हायपरलिंक, तुमचा जांभळा म्हणजे हा दुसरा. डिझाइन टॅब, व्हेरिएंट्सचा खालचा बाण, कलर्स, कस्टमाइझ कलर्स, तिथे दोन्हींना एकच रंग द्या आणि सेव्ह करा.

नवीन व्हर्जनमध्ये फॉन्ट कलरनेही लिंकचा रंग बदलतो हे मला माहीत आहे, आणि वाद तिथेच आहे. 2025 च्या 31 मेला अहिल्यादेवींची 300वी जयंती होती, इथे इंदूरला आमच्या मंडळात प्रेझेंटेशन माझ्याकडे होतं. पहिल्या स्लाइडवर महेश्वर, काशी विश्वनाथ, सोमनाथ, गया अशी नावं, ज्यावर क्लिक करू त्याचे फोटो उघडणार आणि परत मागे यायचं. बॅकग्राउंड मरून, लिंकचे दोन्ही रंग थीममध्येच क्रीम केलेले. आदल्या रात्री आमच्या आतेभावाने, दादाने, फाइल मागून घेतली, रेडीमेड कलर सेट लावला, लिंक निळ्या झाल्या म्हणून एकेक सिलेक्ट करून फॉन्ट कलरने क्रीम केल्या, मी नको म्हणत होते तर म्हणे दोन मिनिटांचं काम आहे, तू उगाच थीमचं खूळ घेऊन बसतेस. त्याच्या लॅपटॉपवर दिसलंही छान. पण हॉलच्या लॅपटॉपवर 2013 चं व्हर्जन, ते लिंकला वरून दिलेला रंग मानतच नाही, थीमचाच दाखवतं. मरूनवर गडद निळी अक्षरं, आणि काशीचे फोटो दाखवून परत आलो तर ते नाव जांभळं होऊन मरूनमध्ये गडप, फक्त खालची रेघ तेवढी अंधुक दिसत होती. पुढच्या रांगेतल्या आजी विचारतायत, अगं काय लिहिलंय तिथे? 1780 मध्ये बाईंनी बांधलेलं देऊळ, आणि त्याचंच नाव दिसू नये! मला फार लागलं ते. दादा अजूनही सगळ्यांना सांगतो की प्रोजेक्टर खराब होता. प्रोजेक्टर खराब असता तर फोटो कसे स्वच्छ दिसले?

आता थीमने फाइलमधल्या सगळ्याच लिंक बदलतात, एखादीच वेगळी हवी असेल तर अक्षरं सिलेक्ट न करता बॉक्सची कडा पकडून बॉक्सला लिंक द्या, रंगही बदलत नाही आणि खाली रेघही येत नाही. फाइलमध्ये एकाहून जास्त मास्टर, म्हणजे स्लाइडचे मूळ साचे, असतील तर प्रत्येकाचे रंग वेगळे बदलावे लागतात. स्लाइड दुसऱ्या फाइलमध्ये पेस्ट करताना कीप सोर्स फॉरमॅटिंग घ्या, नाहीतर तिथली थीम लागते. आणि कोणी म्हणालं की माझ्याकडे तर बरोबर दिसतंय, तर त्याला कार्यक्रमाच्या आधी तीच फाइल हॉलच्या लॅपटॉपवर स्लाइड शो लावून, लिंकवर क्लिक करून दाखवायला सांगा.