सगळं केलं, पण वाटलं काहीच नाही

मी समुपदेशक आहे. डिसेंबरचा पहिला आठवडा उलटला की एकच तक्रार माझ्यासमोर वेगवेगळ्या तोंडांनी येऊन बसते. "मॅडम, झाड सजवलं, घर आवरलं, प्रत्येकाला हवं ते आणलं. सगळं केलं, पण मला आतून काही वाटतच नाही." कुणी हे रडत सांगतं, कुणी हसण्यावारी नेतं. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, "बाकीच्यांचे फोटो बघते ना, तेव्हा तर..." आणि बोलता बोलता हात पर्समधल्या फोनकडे जातो.

रूथताईंचा हातही तसाच गेला होता. (नाव बदललं आहे आणि दोन-तीन जणींचे अनुभव एकत्र केले आहेत, त्यामुळे ओळखीचं कुणी शोधू नये.) वय चाळिशीच्या पुढे. घरात नवरा, पंधरा वर्षांचा मुलगा आणि धाकटी मुलगी. नाताळाची सगळी धुरा यांच्यावर, फोटो काढण्याची जबाबदारीही यांचीच. मागच्या वर्षीचे फोटो त्यांनी मला दाखवले. झाडासमोर तिघं, पुन्हा तिघं, पुन्हा तेच तिघं, फक्त मुलीची मान थोडी वळलेली.

मी विचारलं, "हा काढल्यावर पुढे काय झालं?"

"पुढे?" त्यांनी आठवून पाहिलं. "पुढचा फोटो काढला."

स्वतःच्याच उत्तरावर त्या हसल्या, मग गप्प झाल्या. मला धागा तिथेच मिळाला. त्यांच्या हातातला कॅमेरा हजेरी घेत होता. झाड आहे, तारा आहे, मुलं आहेत, मुलं हसताहेत, चला, झालं. हजेरी घेणाऱ्याला कार्यक्रम दिसत नाही, फक्त कोण नाही ते दिसतं.

अशा वेळी 'मग फोन बाजूला ठेवा' असा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो देत नाही. फोटो काढल्याने क्षण हातून निसटतो, हे अर्धंच खरं आहे. लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2014 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे लोकांनी नुसते फोटो काढले, त्या वस्तू त्यांना कमी आठवल्या. पण ज्यांना वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढायला सांगितलं होतं, त्यांची आठवण तशी उणावली नाही. पुढे 2016 मध्ये क्रिस्टिन डील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकामागून एक प्रयोग करून दाखवलं, की फोटो काढणारे बऱ्याचदा त्या अनुभवात जास्त रमतात, कारण काय टिपायचं हे शोधताना ते नीट बघायला लागतात. त्याच गटाचं 2018 मधलं काम मला रूथताईंच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. फोटो स्वतःजवळ ठेवायला काढले तर आनंद टिकतो, इतरांना दाखवायचे म्हणून काढले तर घटतो, कारण 'आपण कसे दिसू' याची काळजी काढतानाच सुरू होते. त्यातली एक पाहणी तर लोकांनी नाताळात काढलेल्या फोटोंवरच होती.

म्हणून मी त्यांना फोन खाली ठेवायला सांगितलं नाही. उलट रोज एक फोटो काढायला सांगितला. कुणाला उभं करायचं नाही, कुणाला 'पुन्हा एकदा कर' म्हणायचं नाही आणि 6 जानेवारीपर्यंत तो कुणाला पाठवायचा नाही. 25 तारखेपर्यंत सगळे धावत असतात आणि 26 ला मन धपकन खाली बसतं. 6 जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत (एपिफनी, नाताळच्या दिवसांचा शेवट) ते दिवस मला रिकामे सोडायचे नव्हते.

"मन लागलं तर काढीन," त्या म्हणाल्या.

"मन लागायची वाट बघू नका. आधी काढा."

हा माझा जुना हट्ट आहे. आमच्या क्षेत्रात भावनेच्या मुळाशी जाऊन खणणारे खूप आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मी मात्र हातापासून सुरुवात करणारी. हात हलला की मन मागून येतं. नेहमी लगेच येत नाही, पण येतं. उमेद येईल मग करू म्हणून बसलेली माणसं मी वर्षानुवर्षं तशीच बसलेली पाहिली आहेत.

पुढच्या भेटीत त्या फोटो घेऊन आल्या. खिडकीतला तारा, झाडावरचा सोनेरी गोळा, मेणबत्तीची ज्योत.

"छान आहेत," मी म्हटलं. "कॅलेंडरवर शोभतील."

त्यांना टोमणा कळला. "मग काय काढू? सुंदर तर एवढंच आहे."

"सुंदर शोधूच नका. जे बघून 'हे असं इथे कसं आलं?' असा प्रश्न पडेल, ते काढा. आणि काढण्याआधी काय झालं, ते एका ओळीत लिहा."

त्यानंतर त्या आल्या तेव्हा फोटो चाळता चाळता एक त्यांनी भरभर पुढे ढकलला. मी मागे घ्यायला लावला. टेबलाची कड होती. कडेला पारदर्शक चिकटपट्टीचे तुकडे ओळीने लावलेले, सारख्या अंतरावर, खाली लोंबणारे. मागच्या खिडकीतून उजेड येत होता म्हणूनच ते दिसत होते. पलीकडे अर्धवट गुंडाळलेलं खोकं आणि कात्री.

"हा काहीच नाही," त्या म्हणाल्या. "भेटी बांधत होते, तेव्हा काढला."

"खाली काय लिहिलंय?"

त्यांनी वाचलं. "'पट्ट्या. कुणी लावल्या?'"

"कुणी लावल्या?"

त्यांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मी बोलले नाही. इतक्या वर्षांत मला काही जमलं असेल, तर ते योग्य वेळी गप्प बसणं.

"टोकं दुमडलीत," त्या म्हणाल्या. "प्रत्येक पट्टीचं खालचं टोक दुमडलंय, बघा. मला ना, चष्मा नसला की त्या रिळाचं टोक सापडत नाही. नखाने खरवडत बसते आणि चिडते. दर वर्षी चिडते." मग थांबून, "मोठ्याने लावल्यात. धाकटीला असं सरळ रेषेत जमायचं नाही."

"त्याला सांगितलं होतं?"

"छे! तो खोलीतून बाहेर तरी येतो का?" आणि मग अगदी हळू, "दहाबारा पट्ट्या वापरून झाल्या होत्या माझ्या. तोवर मला प्रश्नच पडला नाही, की या आल्या कुठून. फोटो काढायला वाकले, तेव्हा पडला."

पहिल्या भेटीत याच बाईंनी मला ठामपणे सांगितलं होतं, की घरात कुणाचं माझ्याकडे लक्ष नसतं. मी ते खोडून काढायला गेले असते तर त्यांनी मला दहा पुरावे दिले असते, आणि ते खरेही असते. मी वाद घातला नाही. पुरावा त्यांच्याच फोनमध्ये आला, त्यांनीच काढलेला. मला त्या दिवशी जे स्पष्ट झालं ते असं : 'काही वाटत नाही' म्हणणाऱ्या पुष्कळ जणांच्या घरात आनंद येतच नाही असं नसतं. तो कामाच्या वस्तूसारखा हाताखालून वापरला जातो आणि संपून जातो. तो मोठा होऊन, सजून, सगळ्यांनी एकदम हसत येईल अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो दुमडलेल्या टोकाएवढा असतो.

"त्याला थँक्यू म्हणू का?" त्यांनी विचारलं. "म्हणा, पण सोहळा करू नका," मी सांगितलं. त्या घरी जाऊन त्याला एवढंच म्हणाल्या, "पट्ट्या कामाला आल्या हं." तो म्हणाला, "हं." हे 'हं' त्यांनी मला पुढच्या भेटीत तीनदा सांगितलं.

हा प्रयोग करून बघायचा असेल, तर थोडं हातचं तंत्र सांगते, कारण फोटो काळाकुट्ट आला की माणूस दुसऱ्याच दिवशी सोडून देतो. आधी फोनच्या कॅमेऱ्याची काच पुसा. बोटांचा तेलकटपणा राहिला की प्रत्येक दिव्याभोवती धुरकट वलय येतं. फ्लॅश बंद ठेवा, तो दिव्यांच्या माळेचा सगळा ऊबदारपणा घालवतो. पडद्यावर उजळ दिव्यावर बोट टेकवा आणि उजेडाची खूण खाली ओढा, म्हणजे दिवे पांढरे ठिपके न होता आपापल्या रंगात दिसतील. कमी उजेडात फोनला फोटो घ्यायला जास्त वेळ लागतो, म्हणून कोपरं टेबलावर टेकवा आणि श्वास सोडता सोडता बटण दाबा. दिवसा खिडकीजवळ काढा. आणि झूम करण्यापेक्षा स्वतः पुढे व्हा. वाकलात, गुडघ्यावर बसलात, तर जे उभ्याने कधीच दिसत नाही ते दिसतं. माझ्या दृष्टीने अर्धं समुपदेशन त्या वाकण्यातच आहे.

कशाचे काढायचे, हे मी सहसा सांगत नाही. तरी अडलेल्यांसाठी : कामात असलेले हात. कॅरोलची (नाताळच्या गीतांची) तालीम संपल्यावर विस्कटलेले कागद. गुंतलेली दिव्यांची माळ आणि ती सोडवायला बसलेला माणूस, चेहरा नसला तरी चालेल. एकटे राहत असाल, तर आलेल्या एकुलत्या एका शुभेच्छापत्रावरचं अक्षर. एखाद्या दिवशी काहीच सापडलं नाही, तर त्या रिकाम्या दिवसाचाच एक काढा, खिडकीचा, भिंतीचा. ओढूनताणून आनंद नको.

हे सगळ्यांसाठी नाही, हेही सांगायला हवं. बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं अशा एका गृहस्थांना मी हा प्रयोग दिला नाही. ते विचारत होते, तरी नाही. वर सांगितलेल्या 2016 च्या कामात हेही दिसलं होतं, की अनुभव मुळात दुःखद असेल, तर फोटो काढताना तोही जास्त गडद होतो. कॅमेरा लक्ष वाढवतो, ते कशाकडे जाईल हे तो ठरवत नाही. त्यांच्याबरोबर मी जुने, बायकोने काढलेले फोटो बघितले आणि ते काम पुरेसं होतं. तसंच दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, पूर्वी आवडणाऱ्या कशातच गोडी वाटत नसेल, तर फोटोंच्या नादात वेळ न घालवता मनोविकारतज्ज्ञांना भेटा. जगण्याचा कंटाळा आल्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टर गाठा. नाताळ संपू दे, मग बघू, असं करू नका.

रूथताईंनी झाडासमोरचा तो फोटो यंदाही काढलाच. तेवढा काढला, एकदाच, आणि नातेवाइकांना पाठवला. त्याला माझी ना नव्हती. 6 जानेवारीनंतर त्या आल्या तेव्हा विचारत होत्या, "आता वर्षभर रोज काढू ना?" मी म्हटलं, नको. महिनाभर बंद ठेवा. तुमचा स्वभाव मला माहीत आहे, फेब्रुवारीपर्यंत याचीही हजेरी घ्यायला लागाल. हे त्यांना अजिबात आवडलं नाही. थोड्या रागावूनच त्यांनी पुढची वेळ ठरवली आणि गेल्या.