रुळांपासून हिशेब सुरू कर

प्रिय दोस्ता,
अनेक आशीर्वाद.

उघड्यावर दहा किलोमीटर मॉडेल रेल्वे चालवायचा बेत कळला. पत्रभर इंजिनांचीच चर्चा आहे, रुळांबद्दल मात्र अवघी एक ओळ. इतक्या अंतरावर इंजिन क्वचितच आडवं येतं. दहा किलोमीटरचे रूळ कोणाकडे नसतात; गाडी पुढे गेली की मागचे रूळ उचलून पुढे टाकायचे असतात. अडतं ते रूळ टाकायच्या या वेगाशी.

साधा हिशेब मांड. 16.5 मि.मी. गेजची (म्हणजे दोन रुळांत तेवढं अंतर असलेली), 1:76 प्रमाणाची गाडी खऱ्या ताशी 96 किमी वेगाच्या मापाने सोडलीस, तर ती मिनिटाला सुमारे 21 मीटर जाते. 91 सेंमीचे तुकडे वापरलेस तर मिनिटाला 23 तुकडे जोडावे लागतील, तेही वाकून आणि दिवसभर. हे जमत नाही. त्यापेक्षा 45 मि.मी. गेज घे आणि मिनिटाला 10 मीटर वेग धर. दहा किलोमीटरला सतरा तास लागतील, म्हणजे दोन-तीन दिवसांचं काम.

रुळांतून वीज द्यायचा विचार सोडून दे. 2.5 चौ. मि.मी.ची तांब्याची तार किलोमीटरभर नेली, तर जाऊन-येऊन सुमारे 14 ओहम रोध होतो. एक अँपिअरला 14 व्होल्ट वाटेतच संपतात. निकेल सिल्व्हरचा (तांबं, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूचा) रूळ तर तांब्यापेक्षा कितीतरी जास्त अडवतो, शिवाय प्रत्येक सांधा आपली भर घालतो. बॅटरी गाडीतच ठेव आणि रेडिओ कंट्रोल लाव. 14.8 व्होल्टचा, 3 अँपिअर-तासांचा लिथियम पॅक एक अँपिअरवर कागदोपत्री तीन तास चालतो. तू दोन तासांनी बदल. पॅकमधल्या कुठल्याही एका सेलचा व्होल्टेज 3 च्या खाली जाऊ देऊ नकोस.

याचा खरा फायदा वेगळाच आहे. सांध्यातून वीज जायची नसेल तर सांध्याला फक्त रेषा जुळवायची असते. रूळ घासून चकचकीत करायला नकोत, डाग द्यायला नकोत. प्लॅस्टिकचे रूळसुद्धा चालतील.

2.4 मीटर फळ्यांवर रूळ बसवून पॅनेल तयार कर. पितळी रूळ असेल तर तो फळीला मधोमध पक्का कस आणि टोकांकडे सरकू दे. तापमान 30 अंशांनी वाढलं की एवढा रूळ जवळजवळ 1.4 मि.मी. लांबतो, फळी तेवढी लांबत नाही. दोन्ही टोकं बांधलीस तर रूळ दुपारी बाजूला फुगतो आणि गाडी तिथेच घसरते. सकाळच्या थंडीत सांध्यात 2 मि.मी. फट ठेव. शेजारच्या दोन रुळांत वर-खाली पायरी मात्र राहू देऊ नकोस. नख ओढून बघ, अडकलं की पाचर घाल.

सांध्याला दोन अंशांपेक्षा जास्त मोड नको. त्याने सुमारे 70 मीटर त्रिज्येचं वळण मिळतं. वाट त्याहून तीव्र वळत असेल तर वक्र पॅनेलं आधीच करून ने.

चढ 1:50 च्या आत ठेव, म्हणजे 50 मीटरला एक मीटर. तीन किलोचं इंजिन कोरड्या रुळावर साधारण 600 ग्रॅम ओढ देतं. मागे सहा किलोचे डबे असले तर 1:50 वर काम भागतं, 1:20 वर चाकं जागच्या जागी फिरायचा धोका असतो. ओल्या रुळावर हा हिशेब आणखी बिघडतो. वाटेत खड्डा आला तर पॅनेलखाली ठोकळे दे, पण चढाची सुरुवात दोन-तीन पॅनेलांत वाटून घे, नाहीतर कपलिंग, म्हणजे डबे जोडणारा आकडा, सुटतं.

आता माणसं. 125 पॅनेलं म्हणजे 300 मीटर साठा. मिनिटाला चार पॅनेलं मागून उचलायची आणि चार पुढे टाकायची. टाकायला चार जण, सांधे बघायला दोन, उचलायला दोन, दोन हातगाड्यांवर प्रत्येकी एक, गाडीपाशी एक. एका हातगाडीत चाळीस पॅनेलं बसली तर ती दहा मिनिटांनी भरते. नेणं, रिकामी करणं आणि परत येणं दहा मिनिटांत होत नाही, म्हणून दुसरी हातगाडी हवीच. हा हिशेब कागदावर सहज जुळतो. पाठ दुखायला लागली की कोलमडतो. दर तासाला कामं आलटून पालटून द्या.

इंग्लंडात बार्नस्टेपल ते बिडफोर्ड हा सुमारे 16 किमीचा प्रयत्न 2009 साली अर्ध्यावर राहिला आणि 2011 साली पुरा झाला. स्कॉटलंडात 2017 साली 32 मि.मी. गेजवर वाफेचं इंजिन फोर्ट विल्यमहून इन्व्हर्नेसला, 71 मैल नेलं गेलं. वाफ मोहात पाडते, पण लहान बॉयलरला थोड्या थोड्या वेळाने पाणी, गॅस आणि तेल लागतं. पहिल्या खेपेला बॅटरीच बरी.

दोन इंजिनं ने आणि पाळीने चालव. मोटरवर पाच सेकंद बोट ठेववत नसेल तर तिला विश्रांती दे. तेल थेंबभरच घाल. जास्त तेलाला धूळ चिकटते आणि गिअर खाते.

आधी सगळ्यांना घेऊन तासभर तालीम कर. तासात 600 मीटर झाले नाहीत तर माणसं वाढवण्याआधी अंतर कमी कर.

तुझा,
एक जुना रूळवाला

ता. क. पॅनेलच्या ज्या टोकाला सांध्याची पिन असेल, त्या टोकाला लाल रंग दे. घाईत उलटं आलेलं पॅनेल फिरवण्यातच सगळ्यात जास्त वेळ जातो.