मतं जास्त, प्रतिनिधी कमी?

प्रश्न : २००८ साली अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी नेवाडा राज्यात हिलरी क्लिंटन पुढे होत्या, तरी प्रतिनिधी (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे) ओबामांना १३ आणि क्लिंटन यांना १२. आमच्या पारावर यावरून अजून जुंपते. गफलत कुठं आहे?
— एक वाचक, आर्णी (जि. यवतमाळ)

उत्तर : गफलत नाही. बहुतेक प्रतिनिधी राज्याच्या एकूण बेरजेवर नाही, मतदारसंघवार वाटतात. आधी १५ टक्क्यांखालचे उमेदवार गाळायचे, मग उरलेल्यांत टक्केवारी नव्यानं काढायची. आता ४ प्रतिनिधींच्या जागांचा मतदारसंघ घ्या. ६० टक्के मिळाले तर २.४, म्हणजे २-२ बरोबरीच! ३-१ करायला साडेबासष्टच्या वर जावं लागतं. ३ जागांच्या ठिकाणी मात्र ५१ टक्क्यांतच २-१. सम जागांत घाम गाळून काही नाही, विषम जागांत काठावर डाव मारता येतो. ओबामांना असाच उत्तरेकडच्या ग्रामीण नेवाडानं हात दिला.

दोन पेपरांचे आकडे जुळत नाहीत, त्याचं कारण वेगळं : काही जण सुपरडेलिगेटही (मतदानातून न येता पदामुळं प्रतिनिधी असणारे पक्षाचे नेते) मोजत. त्यांचा पाठिंबा तोंडी, कधीही फिरणारा. पारावर भांडायचंच असेल तर आधी ठरवा, ते धरायचे की सोडायचे.