वनजमीन कसणाऱ्या कुटुंबांना हक्काचा कागद मिळावा म्हणून बाहेरच्या माणसाने नेमकी काय मदत करावी?

आपण विचारले आहे की, जव्हार तालुक्यातील एका पाड्यावर आपल्या ओळखीची कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपासून वनजमिनीवर भात, नागली आणि वरई पिकवतात. त्यांपैकी काहींचे वनहक्काचे दावे फेटाळले गेले, काहींना पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, मिळाला पण सातबाऱ्यावर त्याचा मागमूस नाही. अशा वेळी शहरात नोकरी करणाऱ्या माणसाने पैसे द्यावेत, वकील लावून द्यावा की आणखी काही करावे? वनहक्क दाव्यांच्या कामात गावांबरोबर मी बरीच वर्षे आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, एकेका कुटुंबाची फाइल घेऊन कचेरीत जाण्यापेक्षा पाड्याच्या ग्रामसभेचे दप्तर पक्के करून देणे ही सर्वांत टिकाऊ मदत आहे.

याचे कारण कायद्याच्या रचनेतच आहे. 2006 चा वनहक्क कायदा 31 डिसेंबर 2007 पासून अमलात आला. त्यात दावा मागवणे, तो पडताळणे आणि त्यावर पहिला ठराव करणे हे अधिकार ग्रामसभेला आहेत. तिने निवडलेली वनहक्क समिती जागेवर जाऊन पाहणी करते, ग्रामसभा ठराव करते आणि मग प्रकरण उपविभागीय समितीकडे व तेथून जिल्हास्तरीय समितीकडे जाते. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जमीन ताब्यात असलेल्या आदिवासी कुटुंबाला, प्रत्यक्ष कसत असलेल्या क्षेत्रापुरता आणि 4 हेक्टरच्या मर्यादेत, हा हक्क मिळतो. सरकार येथे मेहेरबानी म्हणून जमीन वाटत नाही, आधीपासून असलेला हक्क मान्य करते, हे पाड्यावरच्या प्रत्येक माणसाला ठाऊक असले पाहिजे. कारण कचेरीच्या दारात उभे राहताना त्याची मान ताठ राहते की झुकते, हे बऱ्याच अंशी त्या समजुतीवर ठरते. शिवाय पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही जमिनीवरून हटवता येत नाही, असे कलम 4(5) स्पष्ट सांगते.

फेटाळलेल्या दाव्यांची पत्रे आपण वाचाल तर बहुतेकांवर ‘पुरेसा पुरावा नाही’ एवढीच ओळ आढळेल. 2012 च्या सुधारित नियमांनुसार असे मोघम उत्तर चालत नाही. दावा नाकारण्याची कारणे सविस्तर लिहिली पाहिजेत, निर्णय दावेदाराला व्यक्तिशः कळवला पाहिजे आणि त्यानंतर वरच्या समितीकडे दाद मागण्यासाठी त्याला 60 दिवस मिळाले पाहिजेत. पुराव्याच्या बाबतीतही नियम उदार आहेत. शिधापत्रिका, घरपट्टीची पावती, मतदार ओळखपत्र यांसारखी कागदपत्रे चालतातच. पण जमिनीवर घातलेले बांध, केलेले सपाटीकरण, जुने घर, विहीर, स्मशानभूमी, देवस्थान हेदेखील पुरावेच आहेत आणि दावेदार सोडून गावातील अन्य वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाबही पुरावाच आहे. एकापेक्षा अधिक पुरावे असावेत, एवढीच अट आहे. एका पाड्यावर एका विधवा बाईने आढ्याला टांगलेल्या पिशवीतून सासऱ्यांच्या नावची दंडाची पावती काढून दिली. अतिक्रमण केले म्हणून वनखात्याने फार पूर्वी तो दंड वसूल केला होता. भीतीपोटी ती पावती तिने आजवर कोणाला दाखवली नव्हती. पण ताबा किती जुना आहे हे त्या कागदावर सरकारी शिक्क्यानिशी लिहिलेले होते, आणि तिच्या दाव्यातील सर्वांत बळकट पुरावा तोच ठरला. आपण पाड्यावर जाल तेव्हा अशा पावत्या, जुन्या एकसाली (एका वर्षाच्या कराराने कसायला दिलेल्या) प्लॉटचे कागद, गुन्ह्यांच्या नोंदी यांबद्दल धीर देऊन विचारा. मूळ कागद मात्र स्वतःकडे घेऊ नका. तेथेच छायाचित्र काढा आणि कागद त्यांच्या हाती परत द्या.

मोजणीविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण सर्वाधिक नुकसान येथे होते. डोंगरपट्ट्यातील कुटुंबाची जमीन एकसारखी नसते. खाली पाण्याच्या वाटेवर भाताची खाचरे असतात, वर उतारावर वरकस जमीन असते. वरकसावर नागली आणि वरई आलटून पालटून घेतात आणि मग काही वर्षे ती जमीन पडीक ठेवतात, म्हणजे तिचा कस परत येतो. मोजणीला आलेला माणूस ज्या वर्षी येतो, त्या वर्षी पडीक असलेला तुकडा त्याला गवताळ डोंगर वाटतो आणि उपग्रह चित्रातही तो तसाच दिसतो. त्यामुळे फक्त खाचरांची नोंद होते आणि तीन-चार एकर कसणाऱ्या घराच्या हाती काही गुंठ्यांचा पट्टा पडतो. उपग्रह चित्र हे इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांची जागा ते घेऊ शकत नाही, असे नियमातच म्हटले आहे. तेव्हा मोजणीच्या दिवशी शेजारच्या शेतकऱ्यांना बांधावर उभे करावे, पडीक तुकड्यासह पूर्ण हद्द जीपीएसवर चालून घ्यावी आणि पंचनाम्यात कोणत्या तुकड्यावर कोणते पीक कधी घेतले हे लिहून त्यावर वन आणि महसूल या दोन्ही खात्यांच्या कर्मचाऱ्यांच्या सह्या पदनाम व तारखेसह घ्याव्यात. ग्रामसभेची सूचना मिळाल्यावर त्यांनी हजर राहून सही करणे बंधनकारक आहे. म्हणून सूचना लेखी द्यावी आणि तिची पोच जपून ठेवावी. मोबाइल सफाईने वापरणारा शहरी माणूस येथे खरोखर उपयोगी पडतो. अर्थात, पाड्यावरील दोन तरुण-तरुणींना हे काम शिकवून आपण बाजूला व्हावे हे उत्तम.

पट्टा मिळाल्यानंतरचे काम अनेकजण विसरतात. वनपट्टाधारकाचे नाव सातबाऱ्यावर साधारणपणे ‘इतर हक्क’ या रकान्यात लागते. जमीन वनखात्याच्या नावावर राहते आणि एकाच मोठ्या गट क्रमांकात अनेक कुटुंबांचे पट्टे हद्दीविना पडून असतात. हमीभावाने भात विकताना, पीककर्ज मागताना किंवा रस्ता-रेल्वेसाठी भूसंपादन झाल्यावर मोबदला मागताना हीच संदिग्धता आडवी येते. मार्च 2018 मध्ये हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेले, त्यांच्या मागण्यांत वनहक्काचे प्रश्न अग्रभागी होते, ते यामुळेही. आपण फेरफाराचा अर्ज लिहून द्या, नोंद झाली का हे पाहा आणि त्यातही एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून तपासा: विवाहितांच्या बाबतीत हक्क पती-पत्नी दोघांच्या संयुक्त नावे देणे कायद्याने आवश्यक आहे. पट्ट्यावर दोघांची नावे असतात आणि सातबाऱ्यावर येताना बाईचे नाव गळते, असे मी पाहिले आहे. नवरा गेल्यावर त्या गळलेल्या नावाची किंमत तिला मोजावी लागते.

वैयक्तिक पट्ट्यांच्या धडपडीत सामूहिक वनहक्काचा, म्हणजे साऱ्या गावाचा मिळून जंगलावर असलेल्या हक्काचा, दावा मागे पडू देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने बांबूवर आपले अर्थकारण उभे केले आणि जंगलाचे नुकसान होते म्हणून तेंदूपाने तोडणे स्वतःहून बंद केले. ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2013 रोजी प्रश्न ग्रामसभांपुढे नेण्यास सांगितले आणि सर्वच्या सर्व 12 ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. चार गुंठ्यांचा पट्टा जे संरक्षण देऊ शकत नाही, ते असा एकत्रित हक्क देतो. जव्हारसारख्या अनुसूचित (आदिवासीबहुल म्हणून घोषित) क्षेत्रात, तेथील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याच्या नियमांनुसार पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळवता येते. ती मिळाल्यास ग्रामसभा पाड्याची स्वतःची होते.

आता पैशांविषयी. झेरॉक्स, नकाशांच्या प्रती, तालुक्याला जाण्याचे भाडे आणि त्या दिवशी बुडालेली मजुरी एवढा खर्च ग्रामसभेमार्फत जरूर करा. काम लवकर व्हावे म्हणून कोणालाही काही देऊ नका. त्याने एका घराचे काम होईल, पण उरलेल्या पाड्याला दर ठरून जाईल. वकिलाची गरज बहुधा नंतर पडते, वरच्या समितीपुढील अपीलही फेटाळले गेले तर. 13 फेब्रुवारी 2019 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने फेटाळलेल्या दावेदारांवर बेदखलीची टांगती तलवार आली होती आणि 28 फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली, हे लक्षात घेता फेटाळलेला दावा तसाच सोडून देणे धोक्याचे आहे. आपल्या ओळखीच्या कुटुंबांना निर्णय लेखी मिळाला होता का, कोणत्या तारखेला, त्यात कारणे होती का, हे आधी पाहा. तो मिळालाच नसेल, तर ग्रामसभेच्या ठरावासह फेरतपासणीची मागणी करता येते.

एवढे करताना वेळेचे भान ठेवा. या भागातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. स्थळपाहणी उन्हाळ्यात लागली तर हद्द दाखवायला घरचे कोणी नसते आणि ‘दावेदार गैरहजर’ असा शेरा पडतो. म्हणून भातकापणी संपून माणसे बाहेर पडण्यापूर्वीचे जे थोडे दिवस असतात, त्यांतच पाहणीची तारीख द्यावी, असा लेखी आग्रह ग्रामसभेने आतापासून धरावा आणि आपणही आपली रजा त्याच सुमारास ठेवावी.