वाचकांचे प्रश्न : शिबिर उठल्यावर पेशंटकडे काय उरतं?

दिवाळीनंतर सीमाभागात चर्च, मठ, देवस्थानं आणि वारकरी मंडळं यांची आरोग्य शिबिरं सुरू होतात. त्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत.

आमच्या चर्चचा गट चार दिवस बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या वाड्यांवर जाणार आहे. माझं शिक्षण बी.कॉम. माझा तिथे काय उपयोग? – एक वाचक, निपाणी

नोंदणीचं टेबल तुम्ही घ्या. तिथली चिठ्ठी नीट लिहिली नाही, तर पुढे डॉक्टर कितीही चांगला असो, पेशंटची दोन-तीन मिनिटं तीच माहिती पुन्हा विचारण्यात जातात. एक डॉक्टर तासाला बारा पेशंट नीट तपासू शकतो. दोन डॉक्टर आणि सहा तास धरले तर दीडशेच्या आतच आकडा बसतो, म्हणून कूपन तेवढीच काढा. चारशे लोक घेतले की तपासणी संपते आणि नुसतं गोळीवाटप उरतं.

चिठ्ठीवर नाव, वय, वाडी आणि मोबाइल लिहा. मोबाइल कुणाचा, मुलाचा की शेजाऱ्याचा, तेही लिहा. त्याखाली त्रास काय आणि किती दिवसांपासून, आधीच्या गोळ्या कोणत्या, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, बाई गरोदर आहे का. गोळ्यांची नावं कुणालाच आठवत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी आशाताईंकडून निरोप द्या : घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून आणा.

व्यसनाचा प्रश्न जपून विचारा. ‘तंबाखू खाता का?’ म्हटलं की आजी ‘नाही’ म्हणतात, आणि त्यांच्या दृष्टीनं ते खरंही असतं. ‘मिसरी लावता का?’ असं विचारा, लगेच ‘दोन वेळा’ असं उत्तर येतं. ज्या ‘हो’ म्हणतील त्यांच्या चिठ्ठीवर ‘तोंड तपासा’ असं लाल पेननं लिहा. तंबाखूच्या पट्ट्यातून येता, तेव्हा हे का ते तुम्हाला सांगायला नको.

रक्तदाब मोजणं एका दुपारी शिकता येतं. चुकतं ते घाईमुळे. माणूस चढ चढून आलेला असतो, त्याला पाच मिनिटं बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला टेबलावर. अर्ध्या तासात चहा किंवा मिसरी झाली असेल तर थांबा. पोलक्याची घट्ट बाही वर गुंडाळली की ती दंडाला दोरीसारखी आवळते. आडोसा करून बाही काढायला लावा. पट्टा दंडाच्या मानाने लहान असला तर आकडा खोटा वाढतो, मोठा असला तर खोटा कमी येतो. मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा.

१८०/१२० च्या वर आकडा आला आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं किंवा तोंड वाकडं होणं यातलं काही असेल, तर डॉक्टरांना हाक मारा आणि लगेच १०८ बोलवा. त्रास काहीच नसेल तर शांत बसवून पुन्हा मोजा. जिभेखाली गोळी फोडून दाब झटकन उतरवायची जुनी पद्धत कुणी सुचवली तर ऐकू नका. दाब एकदम पडला की मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतो.

भाषेचं म्हणाल तर खानापूरच्या पश्चिमेला मराठी चालते, पण पूर्वेकडे कन्नडशिवाय भागत नाही. ऊटद मोदलु म्हणजे जेवणाआधी, ऊटद नंतर म्हणजे जेवणानंतर, गुळिगे म्हणजे गोळी, सक्करे कायिले म्हणजे साखरेचा आजार. अज्जी, अक्का, अण्णा अशी हाक मारली की माणूस मोकळा बोलतो. तरीही टेबलाजवळ कन्नड बोलणारं एक माणूस हवंच, आणि ते पेशंटच्या घरातलं नसलेलं बरं. सुनेसमोर सासू पोटातलं सांगत नाही.

दीडशे पेशंटसाठी औषधं किती न्यावीत? लोकांकडून उरलेली औषधं गोळा केली तर चालतील का? – औषध दुकानदार, कोल्हापूर

उरलेली औषधं नकोत. कुणाच्या कपाटात, किती उन्हात ती होती हे कळत नाही. अर्धी पट्टी आली तर नाव एका तुकड्यावर आणि मुदत दुसऱ्यावर. दुकानातून घेतलेल्या मालाचीही निदान वर्षभर मुदत शिल्लक असावी.

आमचा अंदाज असा : पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅच्या ६०० गोळ्या, ओआरएसची १०० पाकिटं, मुलांसाठी झिंकच्या २० मिग्रॅच्या दोनशे गोळ्या, पित्ताच्या आणि ॲलर्जीच्या प्रत्येकी तीनशे, खरजेचं मलम तीस ट्यूब. खरूज घरातल्या एकालाच झालेली नसते, त्यामुळे मलम घरातल्या सगळ्यांना एकाच रात्री लावायला द्यावं लागतं. तीस ट्यूब इथेच संपतात. अँटिबायोटिक नेलं तर पूर्ण कोर्स होईल इतकं न्या. दोन दिवसांच्या गोळ्या देऊन पाठवण्यापेक्षा न दिलेलं बरं.

बीपी-शुगरची नवी गोळी सुरू करण्याआधी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तीच मिळते का ते विचारा. अम्लोडिपिन, मेटफॉर्मिन अशी साधी औषधं सरकारी दवाखान्यात असतात. शिबिरात भारी कंपनीची गोळी दहा दिवस दिली, की अकराव्या दिवशी आजींकडे रिकामी पट्टी असते आणि दवाखान्यात त्या नावाचं काही नसतं. मग त्या सगळंच बंद करतात. सीमाभागातल्या शिबिरांचं सर्वांत मोठं नुकसान इथे होतं, म्हणून आम्ही हे पुन्हा पुन्हा लिहितो.

पट्टी कापताना नाव आणि मुदत असलेली बाजू तुमच्याकडे राहते आणि पेशंटकडे नुसता चंदेरी तुकडा जातो. म्हणून तीनशे कागदी पाकिटं न्या. त्यावर औषधाचं नाव लिहा, सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चंद्र काढा, जेवणानंतर घ्यायची असेल तर ताट. पाकीट देऊन ‘आता तुम्ही मला सांगा, कशी घेणार?’ असं विचारा. चुकलं तर तिथेच दुरुस्त होतं. वाटप फार्मासिस्टनं किंवा डॉक्टरनंच करावं. १९४८ च्या फार्मसी कायद्यात तसंच आहे.

‘सुई मारा’, ‘सलाईन लावा’ हा आग्रह होणारच. सलाईन न्यायचंच नाही, म्हणजे वाद उरत नाही.

साखर मोजायच्या पट्ट्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. तीस अंशांच्या वर त्या बिघडतात. बोट साबणानं धुऊन, कोरडं करून मगच टोचा. उसाच्या पट्ट्यात हे जास्तच सांभाळा : गुऱ्हाळावरून आलेल्या माणसाच्या बोटाला गूळ चिकटलेला असतो आणि १२० ची साखर ३०० दिसते. सुई दर माणसाला नवी. वापरलेली सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम शिबिरांनाही लागू आहेत. तेव्हा डबे परत कोण नेणार ते निघण्याआधी ठरवा; शाळेमागे खड्डा खणून पुरू नका. कुणाला सुई टोचलीच तर जखम पिळू नका. साबण-पाण्यानं धुवा आणि दोन तासांत सरकारी रुग्णालय गाठा.

आम्ही सेवा देवाच्या नावानं करतो. पेशंटसाठी प्रार्थना करावी का? – एक स्वयंसेवक, बेळगाव

करा, पण आधी तपासणी पूर्ण होऊ दे, औषधाचं पाकीट हातात पडू दे आणि माणसाला जायची मोकळीक असू दे. मग बाजूला, डॉक्टरांच्या टेबलापासून लांब, ‘तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?’ असं विचारा. ‘नको’ म्हटलं तर ‘बरं, काळजी घ्या’ एवढंच म्हणा. रांगेत प्रार्थना नको, कारण रांगेतल्या माणसाला वाटतं की हात जोडले नाहीत तर गोळी मिळणार नाही. औषधाच्या पाकिटात पत्रक किंवा देवाचा फोटो घालू नका. हे मठाला, देवस्थानाला आणि चर्चला सारखंच लागू.

दुसऱ्याच्या श्रद्धेवर बोलूही नका. यल्लम्माचा भंडारा कपाळाला असलेल्या माणसाला ‘भंडारा असू दे, गोळीही घ्या’ म्हटलं की तो गोळी घेतो. भंडारा पुसायला सांगितला तर दोन्ही राहतं. पेशंटचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आणि मुलांचा तर नकोच.

सौंदत्तीच्या यात्रेत आमचं मंडळ मदत केंद्र लावतं. कशाची तयारी ठेवावी? – एक मंडळ, चिकोडी

मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला डोंगरावर जी गर्दी होते, तिच्यात जुलाब, चक्कर आणि उपवासानं साखर उतरणं हे तीन त्रास पुढे येतात. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवा. ग्लासभर पाण्यात अख्खं पाकीट टाकलं तर मीठ जास्त होऊन बाळाला अपाय होतो. म्हणून खूण केलेल्या लिटरच्या बाटल्या ठेवा. चोवीस तासांनी उरलेलं पाणी ओता. सहा महिन्यांवरच्या मुलाला जुलाब असतील तर रोज एक झिंकची गोळी, चौदा दिवस. जुलाब थांबले तरी.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपवास केलेला माणूस घामाघूम होऊन बडबडायला लागला, तर साखर मोजा. सत्तरच्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. यंत्र हाताशी नसेल तरी साखर द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ लावा. डोळ्यात भंडारा गेला तर चोळू देऊ नका, स्वच्छ पाण्याची धार पंधरा मिनिटं सोडा.

परवानगी कुणाची आणि पुढे पाठवायचं कुठे? – संयोजक, सांगली

तालुका आरोग्य अधिकारी आणि ग्रामपंचायतीचे पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), दोघांची लेखी परवानगी घ्या. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी नोंदणीची प्रत आधी पाठवून कर्नाटकात तपासण्याबद्दल आरोग्य अधिकाऱ्यांचं लेखी उत्तर घ्यावं. भीमगड अभयारण्यातल्या वाड्यांवर जाण्यासाठी वनखात्याचीही परवानगी लागते. पावसाळ्यात तिकडे जाऊच नका. तेव्हा ओढे भरतात आणि तुमचीच गाडी अडकते.

अथणी-रायबागचा माणूस मिरजेला जातो, निपाणीचा कोल्हापूरला, खानापूरचा बेळगावच्या सिव्हिलला. बसची वाट आणि ओळखीचं माणूस तिकडेच असतं, तेव्हा चिठ्ठीही तिकडचीच द्या. महाराष्ट्र शासनानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला, आणि कर्नाटकच्या रेशन कार्डावर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक ही योजना आहे. पेशंटला गाडीत बसवण्याआधी त्या रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला फोन करून कोणतं कार्ड चालेल ते विचारा. चिठ्ठीच्या दोन प्रती करा : एक पेशंटला, दुसरी त्याची संमती घेऊन आशाताईंना. पंधरा दिवसांनी आशाताईंना फोन करून कोण गेलं, कोण राहिलं हे एकेक नाव घेऊन विचारायचं काम गटातल्या एका माणसाकडे, नाव लिहून, आजच द्या.